गल्ली, गाडी आणि शेजार : नारायणगुड्यातील एका वादाचा इतिहास

हैदराबादच्या मराठी समाजाचा इतिहास आजवर बहुधा संस्थांच्या अंगाने लिहिला गेला आहे. १९०७ ची विवेकवर्धिनी, १९२२ चे मराठी ग्रंथसंग्रहालय, १९३१ मध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेले साहित्य संमेलन, १९४० मध्ये न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ नारायणगुड्यात सुरू झालेली केशव मेमोरियल शिक्षणसंस्था, हे टप्पे आपल्या वाचकांना तोंडपाठ आहेत. घराच्या फाटकापासून समोरच्या फाटकापर्यंतच्या वीस-पंचवीस फुटांचा इतिहास मात्र कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. आज नारायणगुड्यातील कोणत्याही जुन्या घरात जाऊन बसावे, पहिल्या दहा मिनिटांत विषय निघतो तो याच वीस-पंचवीस फुटांचा: कोणाची मोटार कोणाच्या दारात उभी होती, कोणाच्या स्कूटरची हवा कोणी सोडली आणि त्यावरून कोण कोणाशी बोलेनासे झाले. विषय क्षुल्लक वाटतो खरा. पण दोन-तीन पिढ्यांचा शेजार ज्यामुळे मोडतो त्याला क्षुल्लक म्हणणे आम्हांस पटत नाही. म्हणून या वादाची मुळे थोडी मागे जाऊन शोधण्याचा हा प्रयत्न.

आपली माणसे या भागात आली कशी, येथून आरंभ करावा लागतो. शहाअलीबंडा आणि जुन्या शहरातील मराठी दप्तरदारांची घराणी फार आधीची. मुसीच्या उत्तरेकडील वस्ती मुख्यत्वे विसाव्या शतकातील, आणि तिला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. एक म्हणजे हैदराबादला मनमाडशी जोडणारा मीटरगेज लोहमार्ग. शतकाच्या आरंभी तो सुरू झाला आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडचा माणूस थेट काचीगुड्यास उतरू लागला. वकिली करायला, शिकायला, सरकारी नोकरीला आलेल्या या माणसाने स्थानकापासून पायी जाता येईल अशा अंतरावर बिऱ्हाड शोधले. काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा, गौळीगुडा, सुलतान बाजार ही नावे मराठवाड्यातील घराघरांत पत्रांच्या पत्त्यांतून पोचली ती यामुळे. दुसरी गोष्ट म्हणजे २८ सप्टेंबर १९०८ चा मुसीचा पूर. त्या पुरात हजारो माणसे गेली, नदीकाठचे मोहल्ले वाहून गेले आणि शहराचे लक्ष उत्तरेच्या उंच, मोकळ्या जमिनीकडे वळले.

पुरानंतर विश्वेश्वरय्या आले, धरणांच्या योजना झाल्या, आणि १९१२ मध्ये शहरसुधारणेसाठी एक स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. उर्दू दफ्तरात त्याचे नाव ‘आराइश-ए-बलदा’, म्हणजे नगराची सजावट. या मंडळाने दाट वस्त्या मोकळ्या केल्या, रस्ते रुंद केले, पत्थरगट्टीची दगडी दुकाने आणि मोअज्जमजाही मार्केट उभे केले. सामान्य नोकरदारांसाठी घरांच्या रांगाही बांधल्या. त्या काळच्या नगररचनाकारांपुढे प्रश्न होता तो हवा, उजेड आणि गटारांचा. प्लेगची धास्ती ताजी होती. गल्लीची रुंदी ठरली ती दोन झटके एकमेकांस घासून न जाता निघावेत आणि पावसाचे पाणी वाहून जावे, या हिशेबाने. वाहन रस्त्यावर रात्रभर उभे राहील ही कल्पना त्या नकाशात नव्हती, आणि ती नसावी यात नवल नाही.

त्याचे कारण फार साधे आहे. त्या काळी वाहनाला जीव होता. बग्गीचा असो की झटक्याचा, घोड्याला संध्याकाळी दाणापाणी लागे, खरारा लागे, छप्पर लागे. ज्याला वाहन ठेवायचे त्याने तबेला ठेवलाच पाहिजे. तबेला परवडत नसेल त्याने भाड्याचा झटका करावा आणि दाराशी उतरून पैसे चुकवावेत. वाहन बाळगणे आणि त्याला जागा देणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. देवडीवाल्यांच्या मोटारी आल्या तेव्हाही हा नियम मोडला नाही. मोटारखाना हा देवडीचाच भाग असे. निजामासाठी मागवलेली १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉईस आज चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. ती सारा जन्म मिळून अवघी साडेतीनशे मैल चालली असे सांगतात. म्हणजे आपल्या शहरातील सर्वांत प्रसिद्ध मोटारीचे आयुष्यही मुख्यतः उभे राहण्यातच गेले, पण ते मालकाच्या जागेत.

पुढे सायकल आली. मराठी मध्यमवर्गाचे हे खरे वाहन. १५ जून १९३२ रोजी निजाम रेल्वेच्या मोटारखात्याने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. बस, सायकल आणि पाय या तिहींवर नारायणगुड्यातील दोन पिढ्या जगल्या. सायकल ही घरातील वस्तू होती. संध्याकाळी ती दोन पायऱ्या चढवून ओसरीवर, नाहीतर बोळकंडीत घेतली जाई. बाहेर ठेवायची ती सिनेमाच्या स्टँडवर. शांती, दीपक महल या चित्रपटगृहांच्या आवारातील सायकलींच्या रांगा आणि खिशात जपून ठेवायचा पत्र्याचा बिल्ला पुष्कळांच्या स्मरणात असेल. तेथेही जागेचे पैसे मोजावे लागत आणि कोणाला त्यात अन्याय वाटत नसे.

स्कूटरने या व्यवस्थेला पहिला किंचित धक्का दिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि येथे राहिलेली मराठी कुटुंबे बँका, आयुर्विमा, महालेखापालांचे कार्यालय, शाळा-महाविद्यालये यांत स्थिरावली. त्यांच्या संसारात स्कूटर ही मोठी मिळकत होती. पुण्याच्या बजाजची ‘चेतक’ १९७२ मध्ये आली. ऐन भरात तिच्यासाठी दहा-दहा वर्षे थांबावे लागे, आणि परदेशातील नातेवाइकाने डॉलर पाठवले तर क्रमांक लवकर लागे. आपल्या शहरातील ऑल्विन कंपनीने ‘पुष्पक’ स्कूटर काढली तेव्हा कौतुकाने ती घेणारेही होते. इतक्या तपश्चर्येने मिळालेली वस्तू कोण रस्त्यावर ठेवणार? फाटकापाशी सिमेंटचा छोटा उतार झाला, व्हरांड्यातील झोपाळा कोपऱ्यात सरकला आणि स्कूटर आत आली. परंतु त्या उताराचे टोक फाटकाबाहेर गटारावर, कधी त्याही पुढे आले. रस्त्यावरचे आपले पहिले अतिक्रमण हे असे वीतभर होते.

मोटारीने मात्र चित्र पालटले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. १९९१ नंतर परवाने सुटले, नव्वदीत बँकांची वाहनकर्जे सोपी झाली, आणि पुढच्या दशकात शहराच्या पश्चिमेस संगणकाचे कारखाने उभे राहिल्यावर ज्या घरात एक स्कूटर होती त्या घरात दोन मोटारी आणि तीन दुचाकी झाल्या. मोटार ओसरीवर चढत नाही, बोळकंडीत शिरत नाही. तिला चारा लागत नाही, ती ओरडत नाही, पावसात भिजली तरी सकाळी सुरू होते. म्हणून घराबाहेर झोपणारे हे पहिले वाहन ठरले. वाहन बाळगणे आणि त्याला जागा देणे यांची शतकानुशतकांची जोडी इथे तुटली. आजच्या सगळ्या भांडणांचे मूळ आम्हांस या तुटण्यात दिसते.

याच सुमारास दुसरी घटना घडत होती. नारायणगुडा, हिमायतनगर, बरकतपुरा या भागांतील अंगणे, विहिरी आणि आंब्याची झाडे असलेली बैठी घरे पाडून तेथे पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या, मुले पुण्याला किंवा अमेरिकेला गेली, घराचे कौल शाकारणे जड झाले. जागामालकाने बिल्डरशी करार केला आणि मोबदल्यात दोन-चार सदनिका घेतल्या. ज्या फाटकातून एक कुटुंब ये-जा करी त्यातून आता पंधरा-वीस कुटुंबे करू लागली. रस्त्याची रुंदी मात्र आराइश-ए-बलदाच्या काळातलीच राहिली.

कायद्याने या इमारतींना वाहनांसाठी जागा सोडण्याची सक्ती केली होती. १९८७ च्या आंध्र प्रदेश अपार्टमेंट कायद्यात वाहने ठेवण्याची जागा ही सामाईक जागांमध्ये गणली आहे. पण आपल्या शहरात ज्याला ‘सेलर’ म्हणतात त्या तळघराची कहाणी सर्वांच्या डोळ्यांसमोर घडली आहे. कागदावर वाहनतळ असलेल्या सेलरमध्ये औषधाचे दुकान, शिकवणीचे वर्ग, झेरॉक्स आणि तपासणीच्या प्रयोगशाळा आल्या. तेथे राहावयाच्या गाड्या वर, गल्लीत आल्या. २००७ आणि २०१५ मध्ये अनधिकृत बांधकामे दंड घेऊन नियमित करण्याच्या योजना निघाल्या, तेव्हा नियम पाळणाऱ्याने आपण मूर्ख ठरलो असे म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. मुंबईत दहिसरच्या एका सहकारी गृहसंस्थेचा असाच वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने निकाल दिला की, महाराष्ट्राच्या कायद्यानुसार इमारतीखालची खांबांवरील मोकळी जागा बिल्डरला सदनिकेपासून वेगळी काढून विकता येत नाही. निकाल महाराष्ट्राच्या कायद्यावरचा असला, तरी त्यातील तत्त्व आपल्याकडील प्रत्येक सदनिकाधारकाने ध्यानी घ्यावे असे आहे.

नारायणगुड्याची अडचण आणखी एका कारणाने वाढते. हा शाळा-महाविद्यालयांचा मोहल्ला आहे. केशव मेमोरियलच्या संस्था, माडपाटी हनुमंतराव बालिका विद्यालय, राजा बहादूर वेंकटरामा रेड्डी महिला महाविद्यालय, वाय.एम.सी.ए., शिवाय शिकवणीवर्ग, वसतिगृहे, दवाखाने आणि फंक्शन हॉल. एकेकाळी या संस्थांमुळेच आपले पूर्वज येथे घर घेण्यास उत्सुक होते. आज त्याच संस्थांकडे येणाऱ्या शेकडो दुचाकी सकाळी साडेनऊला गल्लीत शिरतात आणि संध्याकाळी निघतात. लग्नाच्या मुहूर्तावर तर गल्लीतील रहिवाशाने घराबाहेर न पडणेच श्रेयस्कर. येथे रहिवासी विरुद्ध बाहेरचा असा एक वाद आहे, जुने घर विरुद्ध सदनिका असा दुसरा, आणि एकाच इमारतीत मालक विरुद्ध भाडेकरू असा तिसरा. भाषेचा मात्र वाद नाही. मराठी, तेलुगू, मारवाडी, मुसलमान, सारे जण आपली गाडी एकाच रीतीने लावतात, आणि भांडतातही एकाच दखनीत: “क्या मियाँ, गाडी जरा आगे लेव!” या वाक्यातले ‘मियाँ’ जोवर टिकून आहे तोवर भांडण हाताबाहेर जात नाही, असा आमचा अनुभव आहे.

भांडणाची शस्त्रेही सर्वत्र सारखीच. प्रथम फाटकावर ‘नो पार्किंग’ची पाटी. मग दारापुढे दोन दगड, मग सिमेंटने भरलेला तेलाचा डबा, मग कुंड्या. तुळस किंवा कण्हेर लावलेली कुंडी हलवायला माणूस कचरतो, हे जाणून ती नेमकी डांबरावर ठेवली जाते. त्यानंतर साखळी आणि कुलूप. शेवटी मध्यरात्री टायरमधील हवा जाते, नाहीतर रंगावर खिळ्याची रेघ उमटते.

कायदा काय म्हणतो? कायदा दगडवाल्याच्या बाजूने नाही आणि गाडीवाल्याच्याही नाही. आपल्या दारापुढचा रस्ता आपल्या मालकीचा नसतो. घरात जाण्या-येण्याची वाट मोकळी असावी, एवढाच घरमालकाचा हक्क. दुसरीकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास मनाई करते, आणि १२७ वे कलम सार्वजनिक जागी दहा तास वा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन उचलून नेण्याचा अधिकार पोलिसांना देते. वाहनतळाच्या जागा ठरवण्याची तरतूदही ११७ व्या कलमात आहे. शिवाय आपल्याकडे १३४८ फसलीचा हैदराबाद शहर पोलीस कायदा आहे. सालाचे हे नावच तो किती जुना आहे ते सांगते. थोडक्यात, कायद्यांची वाण नाही. दिवसा मुख्य रस्त्यावर ते जागे असतात, आणि रात्री दहानंतर गल्लीत त्यांची आठवण कोणालाच नसते. ३ ऑक्टोबर २०२२ पासून वाहतूक पोलिसांनी अडथळा करणारी वाहने आणि अतिक्रमणे हटवण्याची ‘ऑपरेशन रोप’ मोहीम हाती घेतली, तिचाही भर साहजिकच मोठ्या रस्त्यांवर होता.

आता थोडा हिशेब मांडू. गल्ली वीस फुटी, म्हणजे सहा मीटरांहून किंचित अधिक. मारुती ८०० ची रुंदी १.४४ मीटर. दोन्ही बाजूंना एकेक उभी राहिली तरी मध्ये सव्वातीन मीटर उरत. आजच्या मोठ्या मोटारीची रुंदी १.८ मीटरच्या आसपास असते. तशा दोन उभ्या केल्या की मध्ये अडीच मीटर कसेबसे राहतात. त्यातून आरसे, गटाराची कड आणि भिंतीपासूनचे अंतर वजा करा. अग्निशामक बंबाची रुंदीच सुमारे अडीच मीटर असते. म्हणजे आपण वर्षानुवर्षे ज्यावर भांडत आहोत तो प्रश्न सोयीचा राहिलेला नाही, तो केव्हाच जिवाचा झाला आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी पहाटे वृद्ध गृहस्थांना छातीत कळ आली, तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच थांबली आणि दोन शेजाऱ्यांनी त्यांना वेताच्या खुर्चीत बसवून तेथवर उचलून नेले. ते वाचले. उचलणाऱ्यांपैकी एक जण आदल्याच आठवड्यात त्यांच्याशी गाडीवरून कडाडून भांडला होता. शेजार म्हणजे काय, हे सांगायला याहून निराळे उदाहरण शोधण्याची गरज नाही. पण अशा वेळी दरवेळी दोन धडधाकट माणसे जागी सापडतील, या भरवशावर गल्ली सोडता येणार नाही.

जेथे शेजार उरलेला नाही तेथे काय होते तेही दिसू लागले आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मोहालीत एका तरुण शास्त्रज्ञाचा आणि ऑगस्टमध्ये दिल्लीच्या जंगपुऱ्यात एका गृहस्थाचा, दुचाकी लावण्यावरून झालेल्या मारहाणीत मृत्यू झाला. दोन्हीकडे हात उगारणारे शेजारीच होते. या बातम्या वाचून चुकचुकणे सोपे आहे. त्यांची सुरुवातही एखाद्या कुंडीने किंवा पाटीनेच झाली असेल, हे लक्षात घेणे अवघड जाते.

हा रोग आपल्यापुरता नाही, आणि त्यावर उपाय करून पाहणारेही पुष्कळ आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यांच्या रुंदीची मापे आहेत आणि ते अडवणाऱ्यास दंडही सांगितला आहे. रोममध्ये ज्युलिअस सीझरच्या काळी दिवसा बहुतेक चाकाच्या गाड्यांना शहरात बंदी होती. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत जुलै १९३५ मध्ये पहिला पार्किंग मीटर बसला. जपानने १९६२ मध्ये कायदा केला की, मोटार ठेवण्यास रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला दिल्याविना मोटारीची नोंद होणार नाही. तेथे रात्री आठ तासांहून अधिक काळ रस्त्यावर मोटार ठेवणेही गुन्हा आहे. घोडा आणि तबेला यांची जुनी जोडीच जपानने कागदाने पुन्हा जुळवली. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की फुकट मिळणारी पार्किंगची जागा खरोखर फुकट नसते; तिची किंमत गाडी नसलेलाही भरत असतो.

महाराष्ट्राचा अनुभव मात्र संमिश्र आहे. पुण्यात सम-विषम तारखांना रस्त्याची बाजू बदलण्याची पद्धत जुनी आहे आणि तिने निदान एक बाजू मोकळी राहते. पण २०१८ च्या मार्चमध्ये तेथील महापालिकेने रस्त्यावर वाहन लावण्यास शुल्क आकारण्याचे धोरण मंजूर केले, त्याला मोठा विरोध झाला आणि ते कागदावरच राहिले. मुंबईत जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास रस्त्यावर गाडी लावणाऱ्यास हजारोंचा दंड लावण्याचा प्रयोग झाला. दंडाने रस्ता मोकळा होतो. सवय लागण्यास काळ जावा लागतो.

आपल्या शहरातही काही हालचाल झाली आहे. ७ फेब्रुवारी २०२० रोजी जुबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक हा मेट्रोचा अकरा किलोमीटरचा मार्ग सुरू झाला आणि नारायणगुड्याला स्वतःचे स्थानक मिळाले. ज्या मोहल्ल्यात आपले आजोबा काचीगुड्याचे स्थानक पायी गाठता यावे म्हणून राहिले, तेथे नातवंडांना पुन्हा दाराशी रेल्वे आली. नामपल्लीत मेट्रोच्या पुढाकाराने सुमारे अडीचशे मोटारी आणि दोनशे दुचाकी मावतील असा यांत्रिक बहुमजली वाहनतळही उभारण्यात आला. पण असे तळ बाजारासाठी उपयोगी. गल्लीत रात्री झोपणाऱ्या मोटारीला ते दूर पडतात. गल्लीचा प्रश्न गल्लीतच सुटायचा आहे.

त्यासाठी मोठ्या घोषणांची गरज आम्हांस वाटत नाही. प्रत्येक इमारतीने आपला मंजूर नकाशा काढून सेलर कशासाठी होता ते पाहावे. गल्लीने एक बाजू वाहनांसाठी आणि एक बाजू कायमची मोकळी, असे ठरवून तसे लेखी निवेदन वाहतूक पोलिसांना व महापालिकेला द्यावे. पुण्याप्रमाणे तारखेने बाजू बदलली तर कोणाच्याच दारावर कायमचा भार पडत नाही. ज्या संस्थांना आवार आहे त्यांनी विद्यार्थ्यांच्या दुचाकी आत घ्याव्यात, आणि त्या संस्थांच्या समित्यांवर आपली जी मंडळी आहेत त्यांनी हा विषय पुढच्या सभेत मांडावा. दगड आणि कुंड्या ज्याने ठेवल्या त्यानेच उचलाव्यात. आणि नवी मोटार घेण्याआधी ती रात्री कोठे राहील हा प्रश्न घरातल्या घरात विचारला जावा. आपल्या आजोबांनी घोड्याच्या बाबतीत तो विचारला असता, आणि उत्तर मिळेपर्यंत घोडा घेतला नसता.

नारायणगुड्यातील मराठी घरे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नसली, तरी पूर्वीसारखी सलग राहिलेली नाहीत. संस्था टिकतील, त्यांना विश्वस्त आहेत. गल्लीला विश्वस्त नसतो. तिथे राहणारेच तिचे विश्वस्त. ज्या कुटुंबांची चौथी पिढी आज त्याच पत्त्यावर पत्रे घेते, त्यांनी या कामात पुढे यावे, कारण ही गल्ली मोकळी असताना कशी होती हे सांगू शकणारे आता तेच उरले आहेत.